बेस गिटार घेताना आधी लांबी पाहा

बेस गिटार घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी कंपनी ठरवतात, मग रंग आणि शेवटी खिसा चाचपतात. दुकानदार भिंतीवरची एक बेस काढून हातात देतो, अँप्लिफायरला जोडतो, खर्जाचा पहिला सूर छातीत घुमतो आणि सौदा होऊन जातो. पुढे दोन-तीन महिन्यांत डावं मनगट दुखू लागतं, करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत पोचत नाही आणि ‘माझा हातच लहान’ असं म्हणत वाद्य कपाटावर चढतं. शिकणाऱ्यांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडताना पाहिलं आहे, की पहिली बेस घेणाऱ्याला मी आता एकच गोष्ट आधी समजावून सांगतो, ती म्हणजे स्केलची लांबी.

इथे स्केल म्हणजे काळी चार, पांढरी पाच नव्हे. वरच्या टोकाचा नट आणि खालचा ब्रिज यांच्यामध्ये तारेचा जो भाग मोकळा कंप पावतो, त्याची लांबी म्हणजे स्केल. मोजायची रीत सोपी आहे. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मधोमध टेप लावा आणि येईल त्या आकड्याची दुप्पट करा. थेट ब्रिजपर्यंत मोजू नका. ब्रिजवरची सॅडल प्रत्येक तार वरच्या फ्रेटवरही सुरात राहावी म्हणून मागे-पुढे सरकवलेली असतात, त्यामुळे चार तारांचे चार आकडे येतात.

दुप्पट करून ३० इंचांच्या आसपास आलं तर ती शॉर्ट स्केल, ३२ आलं तर मीडियम, ३४ आलं तर लाँग. ३५ इंच आणि त्यापुढच्या बेसना एक्स्ट्रा लाँग म्हणतात. सीमारेषा अगदी काटेकोर नाहीत. गिब्सनच्या जुन्या ईबी मालिकेतल्या बेस ३०.५ इंचांच्या, रिकनबॅकर ४००३ ही ३३.२५ इंचांची, तर इबानेझची मायक्रो थेट २८.६ इंचांवर उतरते. दुकानात मात्र तुमच्यासमोर दहापैकी नऊ वेळा ३४ इंची बेसच येणार, हे धरून चला.

हा ३४ आकडा आला कुठून, हे माहीत असलं की त्याचा धाक कमी होतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्यांच्यासमोर एका बाजूला उभा डबल बेस होता, ज्याची तार साधारण ४१-४२ इंचांची असते, आणि दुसऱ्या बाजूला त्यांचीच २५.५ इंची गिटार. खर्ज डबल बेसचा हवा होता, पण वाद्य गळ्यात अडकवून वाजवता यायला हवं होतं. ३४ इंच हा या दोन टोकांच्या जवळजवळ मधोमध येणारा आकडा. तो जमला, प्रिसिजन गाजली, १९६० साली आलेल्या जॅझ बेसनेही तीच लांबी ठेवली आणि पुढच्या बहुतेक कंपन्यांनी ती उचलली. तडजोड म्हणून निवडलेलं माप अशा रीतीने ‘पूर्ण माप’ होऊन बसलं.

त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, सिअॅटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी ऑडिओव्हॉक्स या नावाने फ्रेट असलेली, आडवी धरून वाजवायची इलेक्ट्रिक बेस विकायला काढली होती. तिची लांबी होती सुमारे ३० इंच. गिब्सनने १९५३ मध्ये पहिली इलेक्ट्रिक बेस काढली ती ३०.५ इंची. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस, जी पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली, ती ३० इंची. तेव्हा शॉर्ट स्केल म्हणजे मोठ्या बेसला कापून लहान मुलांसाठी केलेली आवृत्ती, हा समज इतिहासाला धरून नाही. १९६६ मध्ये फेंडरने ३० इंची मस्टँग काढली आणि ती विद्यार्थ्यांसाठी म्हणून पुढे केली. तिथून हा समज घट्ट झाला असावा. त्याच मस्टँगवर पुढे टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथ यांनी लोकांना नाचवलं. क्रीम या बँडमध्ये जॅक ब्रूस यांचा तो गुरगुरता, गिटारच्या अंगावर धावून जाणारा आवाज गिब्सनच्या ईबी-३ मधून, म्हणजे शॉर्ट स्केलमधूनच आला. आणि स्टॅनली क्लार्क! हा उंचापुरा, डबल बेसवर तयार झालेला, लांब बोटांचा माणूस कित्येक दशकं ३०.७५ इंची अलेम्बिक वाजवत आला आहे. उलट मुंबईची मोहिनी डे आणि ऑस्ट्रेलियाची टॅल विल्कनफेल्ड यांची चण लहान, आणि दोघी लाँग स्केलवर ज्या सफाईने फिरतात ती बघत राहावी अशी.

म्हणून ‘मोठा हात लाँग, लहान हात शॉर्ट’ हा सरळ हिशेब मला पटत नाही. हाताचं माप ही एक बाजू आहे. तारेचा ताण, आवाजाची जात, उभं राहून किती तास वाजवायचं आणि कोणतं संगीत वाजवायचं, याही बाजू तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत.

आधी हाताचं बघू. फ्रेटची मांडणी गणिताने ठरलेली असते. पहिला फ्रेट नटपासून एकूण लांबीच्या सुमारे ५.६ टक्के अंतरावर असतो, आणि पुढचा प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या तितक्याच टक्क्यांवर. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. ३४ इंची बेसचा पहिला फ्रेट दाबलात की उरलेली तार ३२.१ इंचांची होते आणि दुसरा दाबलात की ३०.३ इंचांची. म्हणजे मीडियम स्केल ही लाँग स्केलची एक फ्रेट वगळून उरलेली बेस, आणि शॉर्ट स्केल ही दोन फ्रेट वगळून उरलेली. ज्या फरकावरून एवढे वाद होतात तो फरक दोन फ्रेटांचा आहे.

बोटांच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर लाँग स्केलवर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरतं, मीडियमवर १२.२ आणि शॉर्टवर ११.४. साध्या २५.५ इंची गिटारवर हेच अंतर ९.७ असतं. एका बोटाला एक फ्रेट या पद्धतीने वाजवायचं तर तर्जनीपासून करंगळीपर्यंत एवढा ताण द्यावा लागतो. गिटारवरून बेसकडे येणाऱ्याला पहिल्या दिवशी हात अडखळल्यासारखा वाटतो त्याचं कारण हे. शॉर्ट स्केलवर गेलं तर हा धक्का निम्म्याने कमी होतो.

पण थांबा. हात पुरत नाही असं वाटलं की लगेच वाद्याला दोष देऊ नका, आधी हाताची ठेवण तपासा. अंगठा नेकच्या वरून डोकावत असेल तर बोटं आपोआप आखडतात. तो नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर ठेवला की पंजा उघडतो. स्ट्रॅप इतका सैल सोडला असेल की बेस मांडीवर लोंबते आहे, तर मनगट काटकोनात मुडपतं आणि ताण वाढतो. बेस पोटाच्या वरच्या भागाशी आणा आणि नेकचं टोक खांद्याच्या दिशेने किंचित वर उचला. आणि मुख्य म्हणजे डबल बेसवाल्यांची जुनी बोटरचना शिका. फ्रान्झ सिमांड्ल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीत खालच्या पट्ट्यात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं बोट चौथ्याला आधार देतं, आणि चार नव्हे तर तीनच फ्रेट एका जागेवरून घेतले जातात. पुढच्या सुरासाठी अख्खा हात सरकतो. लाँग स्केलच्या पहिल्या पाच फ्रेटांवर ही रचना वापरली की १३ सेंटिमीटरचा ताण मुळात द्यावाच लागत नाही. वर, सातव्या फ्रेटच्या पुढे, एका बोटाला एक फ्रेट आरामात येतो. ‘हात लहान’ म्हणणाऱ्या अनेकांचा प्रश्न या एका बदलाने सुटतो. एवढं करूनही बोटांत मुंग्या येत असतील, मनगट किंवा कोपर दुखत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. दुखणं सोसून हात तयार होत नाही.

आता तारेचा ताण. एकच तार एकाच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३२ वर आलं की ताण ११ टक्क्यांनी घटतो, ३० वर आलं की २२ टक्क्यांनी. हा फरक बोटांना पहिल्याच सुरात कळतो. शॉर्ट स्केलवर तार मऊ लागते, डाव्या हाताला दाबायला सोपी जाते, सूर किंचित ओढून गोलाई आणता येते. पण मऊ तार छेडली की जास्त झुलते. लाँग स्केलची सवय असलेला उजवा हात त्याच जोराने पडला तर तार फ्रेटवर आपटून खडखडते आणि सूर सुरुवातीला चढा लागून मग खाली बसतो. यावर उपाय दोन आहेत. हात हलका करा, आणि छेडण्याची जागा ब्रिजकडे सरकवा, तिथे तार जास्त कडक लागते. त्यानेही भागलं नाही तर जाड तारा लावा. लाँग स्केलवरच्या १०५ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) ई तारेइतका ताण ३० इंचांवर हवा असेल तर हिशेबाने जवळजवळ ११९ ची तार लागते. इतकी जाड तार मी सुचवणार नाही, तिचा आवाज बोथट होतो. १०५ वरून ११० वर जाणं पुरेसं असतं.

आवाजाबद्दल बोलताना आपल्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. मिरजेच्या कारागिरांकडे पुरुष गायकांचा तानपुरा आणि स्त्री गायिकांचा तानपुरा वेगवेगळ्या मापांचे बनतात. खालची पट्टी हवी तर तार लांब हवी, हे तिथल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बेसवर हाच नियम चालतो. चार तारी बेसची मोकळी ई तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर आखूड तारेत मिळवायचा तर तार जाड तरी करावी लागते किंवा सैल तरी सोडावी लागते. जाड आणि आखूड तार थोडी काठीसारखी वागू लागते, तिचे वरचे स्वरांश आपल्या जागेवरून किंचित चढतात. कानाला ते ‘बेसूर’ म्हणून कळत नाही, पण सुराची कड पुसट होते. मूळ सूर ठळक, वरचा खणखणाट कमी, असा गोल, जाडसर आवाज शॉर्ट स्केलमधून येतो तो यामुळे. लाँग स्केलची ई तार उलट पियानोच्या खालच्या तारेसारखी स्वच्छ, टोकदार वाजते.

कोणता आवाज चांगला, हा प्रश्न गाण्याला विचारायचा. ड्रम आणि दोन गिटारच्या गर्दीतून बेसचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू यायला हवा असेल तर लाँग स्केलला तोड नाही. गायकाच्या मागे उबदार पाया हवा असेल, जुन्या धाटणीचं सोल किंवा साठच्या दशकातलं पॉप वाजवायचं असेल, तर शॉर्ट स्केलवर सपाट वेटोळ्यांच्या, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावून बघा, त्या आवाजासाठी लाँग स्केलवर बरीच खटपट करावी लागते. अर्थात ही विभागणी दगडावरची रेघ मानू नका. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसन यांचा गोल, भरीव आवाज ३४ इंची प्रिसिजनमधूनच आला. त्यात फ्लॅटवाउंड तारांचा वाटा होता आणि त्यांच्या एका तर्जनीचाही. गोल वेटोळ्यांच्या नव्या राउंडवाउंड तारा चढवलेली शॉर्ट स्केल ही वर्षभर न बदललेल्या तारांच्या लाँग स्केलपेक्षा कितीतरी खणखणीत वाजते. वरच्या जी तारेवर तर दोन्हींतला फरक ओळखणं कठीण जातं. खरा फरक ई तारेवर, आणि तोही पहिल्या पाच-सहा फ्रेटांत. दुकानात ऐकताना कान तिथेच ठेवा.

घरातल्या छोट्या अँप्लिफायरवर किंवा मोबाइलवर बेस ऐकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ सूर बाहेर पडतच नाही, कान तो वरच्या स्वरांशांवरून ओळखतो. त्यामुळे वरचे अंश भरपूर असलेली लाँग स्केल छोट्या स्पीकरवर स्पष्ट लागते आणि शॉर्ट स्केल गढूळ. तीच शॉर्ट स्केल मोठ्या स्पीकरवर भरून वाजते. दुकानातल्या डबीएवढ्या स्पीकरवर ऐकून तिला नापास करू नका.

मग कोणी काय घ्यावं?

पाच तारी बेस हवी असेल तर चर्चा नको, किमान ३४ इंच घ्या. मिळाली आणि हाताला झेपली तर ३५. खालची बी तार ३१ हर्ट्झच्या जवळ वाजते, ती ३० इंचांवर ओल्या दोरीसारखी लोंबते. मेटल बँडमध्ये सगळ्या तारा डी किंवा सी पर्यंत उतरवून वाजवणाऱ्यांनाही हेच लागू. काही बेसवर फ्रेट पंख्यासारखे तिरपे असतात आणि जाड तारेची लांबी पातळ तारेपेक्षा जास्त असते. कॅनडाच्या डिंगवॉल कंपनीच्या बेस ३७ ते ३४ इंच अशा मिळतात. कल्पना उत्तम आहे, पण पहिल्या खरेदीसाठी ती नव्हे.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला शॉर्ट स्केलच द्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठी बेस घेऊ नका. कपडे वाढत्या अंगाचे चालतात, वाद्य चालत नाही. मूल त्या वाद्याशी झटापट करून कंटाळतं आणि संगीतावरच रुसतं. अगदी लहान चणीच्या मुलाला २८.६ इंची मायक्रो पण चालेल. दोन-तीन वर्षांनी ती विकून मोठी घेता येते.

साठीच्या पुढे नव्याने शिकणारे, संधिवाताने बोटं आखडलेले, खांद्याच्या दुखण्यातून उठलेले, यांनी शॉर्ट स्केल निःशंक मनाने घ्यावी. बेस गाता गाता वाजवणाऱ्यांनीही ती जरूर पाहावी. डावा हात कमी हिंडला की लक्ष गळ्याकडे राहतं. मुख्य गिटार वाजवून कधीमधी बेस धरणाऱ्या, घरी ट्रॅक ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसालाही शॉर्ट स्केल जवळची वाटते.

ज्यांना हे काम म्हणून करायचं आहे, म्हणजे ऑर्केस्ट्रात, गोव्याच्या तियात्राच्या बँडमध्ये, चर्चमध्ये, स्टुडिओत, लग्नाच्या कार्यक्रमांत, त्यांना माझा सल्ला लाँग स्केलवर हात बसवण्याचा आहे. कारण व्यवहारी आहे. ऐनवेळी दुसऱ्याची बेस वाजवायची वेळ आली तर ती बहुतेक ३४ इंचीच असणार. लाँग स्केलवरून शॉर्टवर जाणं एका संध्याकाळी जमतं, शॉर्टवरून लाँगवर जायला हाताला आठवडे लागतात. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून, वाजवणाऱ्यांनाही कडक तारेची उसळी सोयीची पडते. स्टॅनली क्लार्क शॉर्ट स्केलवर स्लॅप वाजवतात हे खरं, पण तो हात अनेक वर्षांत घडलेला आहे.

आणि मीडियम? ३२ इंच हे माप मला मनापासून आवडतं. ई तारेची कड बऱ्यापैकी टिकते, हात मोकळा राहतो, नेक लोकलच्या डब्यात कोणाच्या डोक्याला लागत नाही. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या वाजवणाऱ्यासाठी मला याहून सोयीचं माप दिसत नाही. अडचण एकच, या मापाच्या बेस फार कमी कंपन्या बनवतात. इबानेझची मेझो ही आवाक्यातली, अलेम्बिकच्या मीडियम स्केल बेस आवाक्याबाहेरच्या. पुढे विकताना गिऱ्हाईकही शोधावं लागतं. हाती लागली, हाताला पटली, तर सोडू नका. तिच्यासाठी वर्षभर थांबून वाजवायचं लांबवू मात्र नका.

आता दुकानातली परीक्षा. आपल्याकडच्या दुकानात तिन्ही मापांच्या बेस शेजारी-शेजारी मिळणं दुर्मीळ, म्हणून वरचं दोन फ्रेटांचं गणित कामाला लावा. ३४ इंची बेस मागून घ्या, खुर्चीवर ताठ बसा. ई तारेवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर चार बोटं एकेक करून ठेवा, प्रत्येक बोट फ्रेटच्या अगदी मागे, आणि चारही सूर घ्या : एफ, एफ शार्प, जी, जी शार्प. करंगळी टेकवताना तर्जनी उचलली जाते का, मनगट वळतं का, हे पाहा. आता तीच चार बोटं दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर न्या. हा झाला मीडियम स्केलचा पहिला पट्टा. मग तिसऱ्या ते सहाव्यावर. हा शॉर्ट स्केलचा. तिन्ही जागी संथ लयीत पाच-पाच मिनिटं वाजवा. पहिल्या जागी तळव्यात ओढ बसते आणि दुसऱ्या जागी नाही, असं झालं तर तुमचं माप तुम्हाला कळलं.

ताणाचीही परीक्षा करता येते. दुकानदाराला विचारून चारही तारा एक-एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेटांइतक्या, खाली उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. तारा पुन्हा ई, ए, डी, जी अशाच वाजतील, पण लांबी ३०.३ इंच आणि ताण एक पंचमांशाने कमी. हातात जवळजवळ शॉर्ट स्केल आली. कॅपो दणकट हवा, साध्या गिटारचा हलका कॅपो बेसच्या जाड तारा नीट दाबत नाही. या परीक्षेत एकच गोष्ट कळत नाही. बेसची बॉडी आणि नेक तेवढेच लांब राहिल्यामुळे डावा हात किती लांबवावा लागेल, हे खऱ्या शॉर्ट स्केलवरच समजतं.

आणि तिथेही फसगत होऊ शकते. डावा हात किती लांब जातो हे स्केलइतकंच बॉडीच्या आकारावर ठरतं. फेंडरच्या प्रिसिजन आणि जॅझ बेसचं वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेलं असतं आणि स्ट्रॅप तिथे अडकतो, त्यामुळे नेक अंगाजवळ राहते. गिब्सनच्या एसजी धाटणीच्या बॉडीला असं लांब शिंग नसतं. तिथे संपूर्ण नेक डावीकडे सरकते, टोक जमिनीकडे झुकतं आणि डाव्या हाताला ती सावरत वाजवावं लागतं. अशा वेळी ३०.५ इंची बेसचा पहिला फ्रेट ३४ इंचीच्या पहिल्या फ्रेटइतका दूर वाटू शकतो. म्हणून बसून वाजवल्यावर स्ट्रॅप लावून उभे राहा, दोन्ही हात सोडून द्या. नेक खाली गेली तर ती बेस दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा घेणार. वजनही तेव्हाच तपासा. शॉर्ट स्केल बहुधा हलकी असते, पण बहुधाच. लाकूड जड असेल तर लांबी कमी असून उपयोग नाही.

शेवटी तारा, कारण खरेदीनंतर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तारांच्या पाकिटावरचं शॉर्ट, मीडियम, लाँग हे तारेभोवतीच्या वेटोळ्यांची लांबी सांगतं. तुमच्या बेसला नेमकी किती लांबी हवी, हे स्केलवरून पूर्ण कळत नाही. तारेचं मणी असलेलं टोक जिथे बसतं तिथपासून नटपर्यंत टेप लावून मोजा. जाड वेटोळं नटच्या एक-दोन इंच पुढे संपायला हवं, म्हणजे खुंटीभोवती तारेचा बारीक, रेशीम गुंडाळलेला भागच फिरेल. ३४ इंची तारा ३० इंची बेसवर चढवल्या तर खुंटीभोवती जाड वेटोळं वळतं, तार तिथे नीट बसत नाही, सूर टिकत नाही, आणि फ्लॅटवाउंड तर तिथेच पिळवटून तुटू शकते. उलट हॉफनरच्या व्हायोलिन बेसला स्केल ३० इंच असूनही बऱ्याच शॉर्ट स्केल तारा आखूड पडतात, कारण तारा ब्रिजच्या बऱ्याच मागे टेलपीसमध्ये अडकतात. बॉडीच्या पाठीतून तारा ओवायच्या बेसलाही जास्त लांबी लागते.

मुंबई-पुण्याबाहेर शॉर्ट स्केलच्या तारा दुकानात सहसा पडून नसतात, मागवाव्या लागतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत राउंडवाउंड लवकर गंजतात, तेव्हा एक संच कायम घरी असलेला बरा. दुकानात जाताना टेप आणि दणकट कॅपो सोबत न्या. बेस पसंत पडली, की पैसे देण्याआधी तिच्या मापाच्या तारांचे दोन संच दुकानदार कुठून आणि किती दिवसांत आणून देतो, हे त्याच्याकडून लिहून घ्या.